चेहरा आधी, माणूस नंतर

कोणत्या भूमिकेला कोणता नट, हे ठरवण्याचं काम म्हणजे कास्टिंग. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये दादासाहेब फाळक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंक्यांना दिल्या. प्रेक्षकांनी ते चालवून घेतलं, कारण रंगभूमीने तशी सवय लावली होती. ग्रीक नाटकात मुखवटे, शेक्सपिअरच्या काळात नायिका झालेली मुलं, आपल्याकडे बालगंधर्व. नट वेगळा आणि पात्र वेगळं, हे गृहीतच असायचं.

क्लोज-अप आला आणि चेहराच पुरावा ठरू लागला. त्याची तयारी तशी आधीच झालेली होती. जबडा, कपाळ, कान यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असं इटलीच्या लोम्ब्रोसो या गुन्हेगारीच्या अभ्यासकाने १८७६ साली छापलं होतं. विज्ञानाने ते पुढे मोडीत काढलं. खलनायक निवडणाऱ्यांनी मात्र जपून ठेवलं. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनने तर त्याची पद्धतच केली. पडद्यावर येताक्षणी भांडवलदार की कामगार हे कळावं, म्हणून तो नट सोडून चेहरे शोधायचा. हेतू क्रांतीचा होता, पण माणूस तोंडावरून ओळखायचा हा धडा त्यानेही गिरवून घेतला.

हॉलिवूडमध्ये त्याचा फटका कोणाला बसला, हे ॲना मे वाँगच्या बाबतीत दिसतं. ती लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची अभिनेत्री. ‘द गुड अर्थ’ (१९३७) चीनमधल्या शेतकऱ्यांची कथा, पण नायक गोरा पॉल म्युनी. भिन्न वंशांची जोडी दाखवणं तेव्हाच्या सेन्सॉर नियमावलीला खपत नव्हतं. त्यामुळे नायिकाही गोरीच, लुइझ रेनर, आणि तिला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. वाँगच्या वाट्याला एरवी यायच्या त्या बहुतेक कारस्थानी किंवा अभागी बायका. ज्या प्रेक्षकाच्या ओळखीत एकही चिनी माणूस नव्हता, त्याच्यासाठी चिनी माणूस म्हणजे एवढंच.

कधी हे नटाच्याच अंगावर येतं. निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेले, पण पडद्यावरच्या त्या बेरकी पुढाऱ्यामुळे बायका त्यांना प्रत्यक्षातही बिचकायच्या, असे किस्से प्रसिद्ध आहेत. हे अभिनयाला मिळालेलं प्रशस्तिपत्र म्हणून सांगितलं जातं. मला त्यात प्रेक्षकाची खोडही दिसते.

एवढं सगळं ठरवणारं कास्टिंगचं हे काम दीर्घकाळ नावानिशी मोजलंच गेलं नाही. त्यासाठी स्वतंत्र ऑस्कर देण्याचा निर्णय अकादमीने जाहीर केला तो थेट २०२४ मध्ये.