जलपर्णी काढायची ती तुरा वाकायच्या आत

पुण्यात जलपर्णी, कोल्हापूर-इचलकरंजीकडे केंदाळ. नाव कोणतंही घ्या, शिरस्ता एकच: नदीपात्र पार झाकलं गेलं, डासांच्या तक्रारी सुरू झाल्या, की पोकलेन मागवायचा. तोवर जांभळे तुरे येऊन गेलेले असतात आणि पुढच्या कित्येक वर्षांचं बियाणं गाळात पडलेलं असतं.

बियांकडे दुर्लक्ष होतं त्याला कारण आहे. मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती मुख्यतः आडव्या फुटव्यांनी पसरते. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद आणि भरपूर ऊन मिळालं, तर एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. एवढा वेग असताना बी कोण बघतो?

पण एक तुरा जवळून पाहा. साधारण 8 ते 15 फुलं, प्रत्येकाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. फूल टिकतं जेमतेम एक दिवस. फुलं मिटली की दांडा वाकू लागतो आणि एक-दोन दिवसांत अख्खा तुरा पानांखाली, पाण्यात जातो. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, बहर ओसरला. प्रत्यक्षात बी भरायला आता सुरुवात झालेली असते. बोंड पिकायला सुमारे तीन आठवडे लागतात. मग ते फुटतं आणि जेमतेम दीड मिलिमीटरचं, उभ्या कंगोऱ्यांचं बी तळाशी बसतं. परागण नीट झालं नाही तर बोंडात चार-दोनच बिया असतात. चांगलं झालं तर शेकडो. गाळात ती 15-20 वर्षं जिवंत राहू शकते.

म्हणून कामाची तारीख पात्र किती झाकलं यावरून ठरवू नये. पानांच्या बेचक्यातून पहिल्या कळ्या डोकावल्या की काम सुरू करावं. सुरुवात वरच्या अंगाने करावी आणि खाली दोरावर बांबू किंवा रिकामे पिंप बांधून आडोसा घालावा, नाहीतर सुटलेले तुकडे पुढच्या डोहात नवा संसार थाटतात. दुसरी फेरी दोन आठवड्यांच्या आत हवी. महिन्याने गेलात तर राहून गेलेल्या रोपांची बोंडं फुटलेली असतात.

उशीर झालाच असेल, तर पानांखाली हात घालून वाकलेले दांडे चाचपावेत, अलगद काढून थेट गोणीत भरावेत. दाताळ्याने ओढत नेलं तर पिकलेली बोंडं वाटेतच रिकामी होतात. तणनाशकाचाही इथे उपयोग नाही: पान मरतं, पिकलेलं बी मरत नाही. शिवाय कुजणारा थर पाण्यातला प्राणवायू खातो आणि मासे मरतात.

काढलेला ढीग पूररेषेच्या आत ठेवणं म्हणजे पहिल्या पुराला तो परत देणं. खत करायचं असेल तर आधी चार दिवस सुकवावं, कारण ओल्या जलपर्णीत 90 टक्क्यांहून अधिक पाणीच असतं आणि तसाच ढीग तापण्याऐवजी सडतो. ढिगाचा गाभा 55-60 अंश सेल्सिअसवर काही दिवस राहायला हवा. बाहेरचा थर आत जाईल असं तो उलथवावा. कडेचं बी थंडच राहतं.

आता सगळ्यात चकवणारी गोष्ट. या बीला रुजायला उजेड, ऊब आणि उथळ पाणी किंवा ओला चिखल लागतो. दाट जलपर्णीच्या सावलीत ते निपचित पडून असतं. आपण पात्र साफ करतो, उन्हाळ्यात पाणी उतरतं, काठाचा गाळ उघडा पडतो, आणि आपल्याच मेहनतीने बी जागं होतं. कोवळं रोप ओळखूही येत नाही: चिखलात रुजलेली, फितीसारखी अरुंद पानं, फुगीर देठाचा पत्ता नाही. गवत समजून ते सोडलं जातं. महिना-दोन महिन्यांत देठ फुगतात आणि पाणी चढलं की रोप चिखलातून सुटून तरंगू लागतं. त्याआधी, मे महिन्यात, एक माणूस घमेलं घेऊन काठाने फिरला तर ही रोपं मुळासकट हाताने उपटून निघतात.