घरच्या नियमांची वंशावळ : फँटसी कॅम्पेन आखण्यापूर्वी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत, फाशांनी खेळायचा खेळ १९७४ साली विक्रीला आला तो तीन पातळ पुस्तिकांच्या रूपात. लढाईसाठी ‘चेनमेल’ हे १९७१ चे युद्धखेळाचे पुस्तक वाचकाकडे असेल, असे त्यात धरून चालले होते. जिथे नियम सापडणार नाही तिथे तुमचे तुम्ही ठरवा, असेही सांगितले होते. घरचे नियम, म्हणजे आपल्या गटापुरते ठरवलेले नियम, केल्याशिवाय हा खेळ मांडताच येत नव्हता. आज पणजीत किंवा फोंड्यात नवे कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) आखणाऱ्या डीएमला, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि निकाल देणाऱ्या ‘डंजन मास्टर’ला, ‘पुस्तकात नाही ते कशाला घालतोस?’ असे कुणी विचारले, तर हा इतिहास सांगावा. पुस्तकातले कितीतरी नियम आधी कुणाच्या तरी टेबलावरचे घरचे नियम होते. ते कुठल्या अडचणीतून निघाले हे माहीत असले, की काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे हे नीट कळते.

मुळे प्रशियाच्या सैन्यात आहेत. राइसवित्झ यांनी १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘क्रीगस्पील’चे नियम छापले: नकाशा, फासे, नुकसानीचे तक्ते आणि वर एक पंच. तक्ते इतके किचकट की डाव रेंगाळायचा. १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ यांनी तक्ते बाजूला ठेवून निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवला. ‘नियम मोठा की डीएमचा शब्द’ हा वाद तेवढा जुना आहे.

हा पंच कल्पित जगात शिरला तो अमेरिकेत. मिनेसोटात १९६९ मध्ये डेव्हिड वेसली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा डाव मांडला. त्यात पलटणींऐवजी प्रत्येक खेळाडूला गावातले एक माणूस आणि त्याचा हेतू दिला होता. आपल्या पेडण्यातल्या दशावतारात आख्यान ठरलेले असते आणि संवाद रंगमंचावर सुचतात, तसाच हा प्रकार. त्याच मंडळातले डेव्ह आर्नसन १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ चालवू लागले. ‘चेनमेल’मध्ये साधा सैनिक एका फटक्यात संपायचा, पण खेळाडूंचा आपापल्या पात्रावर जीव जडला होता. आर्नसन यांनी आपल्या आरमारी खेळातली नुकसान मोजण्याची पद्धत माणसांना लावली आणि हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसू शकते तो आकडा, जन्माला आले. आज त्यांच्याशिवाय हा खेळ कल्पनेतही येत नाही. ‘चोर’ हा वर्ग, म्हणजे पात्राचा प्रकार, हाही आधी लॉस एंजेलिसकडच्या एका गटात खेळला गेला आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीतून सगळीकडे गेला.

क्रिटिकल हिटची, म्हणजे फासा सर्वोत्तम पडला की जास्त नुकसान करणाऱ्या फटक्याची (थोडक्यात ‘क्रिट’ची), गोष्ट सर्वांत बोधक आहे. एम. ए. आर. बार्कर यांच्या १९७५ च्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’मध्ये वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला तर दुप्पट नुकसान, असा नियम होता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांना तो पटला नाही. १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात त्यांनी कारणही दिले: राक्षस येतात आणि मरतात, पात्र मात्र कॅम्पेनभर फटके खाते, म्हणून क्रिटचा तोटा शेवटी खेळाडूलाच. युक्तिवाद बिनतोड होता, तरी टेबलांनी, म्हणजे खेळणाऱ्या गटांनी, क्रिट सोडला नाही. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तो अधिकृत झाला.

त्याचा जुळा भाऊ, म्हणजे एक पडला की तलवार निसटली, हा नियम मात्र कुणीही घेऊ नये. एका वारात एक पडण्याची शक्यता ५ टक्के. दोन वारांत निदान एकदा पडण्याची ९.७५ टक्के, आणि विसाव्या पातळीवरच्या फायटरच्या चार वारांत सुमारे १८.५ टक्के. योद्धा जितका निष्णात तितका जास्त वेळा फजीत, आणि फासा न टाकता अग्निगोळा फेकणारा जादूगार सुरक्षित. टेबलाला धमाल हवीच असेल तर फक्त फेरीतल्या पहिल्या वारालाच हा नियम लावा.

उलट औषधाची कुपी बघा. २०१४ च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या, नियमांत ती पिण्यात पूर्ण ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्ची पडायची, म्हणून कुपी पिशवीतच राहायची. असंख्य टेबलांनी ती बोनस ॲक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) केली आणि २०२४ च्या पुस्तकाने तेच स्वीकारले. अडचण खरी आणि उपाय छोटा, असा नियम टिकतो.

गोव्याच्या भूमीवर कॅम्पेन मांडताना पहिली अडचण येते ती विश्रांतीची. २०१४ ची रचना दिवसाला सहा ते आठ चकमकी धरते. सत्तरीच्या रानातून म्हादईच्या काठाने चार दिवस चालत जाणाऱ्या टोळीला दिवसात फार तर एक चकमक भेटते. जादूगार तिच्यातच सगळे मंत्र ओततो, रात्री झोपतो आणि सकाळी पुन्हा भरलेला. यावर पुस्तकातच पर्याय आहे: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. तो घेतला की आठ तास टिकणारे चिलखताचे मंत्र कुचकामी होतात. म्हणून एक तास किंवा अधिक टिकणाऱ्या मंत्रांची मुदत पाचपट करा. हे विसरले की तिसऱ्या सेशनला जादूगाराचा खेळाडू रुसतो, आणि त्याचे बरोबर असते.

सात दिवसांच्या विश्रांतीचा आपल्याकडे आणखी एक उपयोग आहे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. सात दिवसांत हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो, म्हणजे ज्या वेळी भरती होती त्या वेळी ओहोटी. खाजनाच्या (भरतीच्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या जमिनीच्या) बांधावरच्या मानशीतून, म्हणजे पाण्याच्या दारातून, आत शिरायचे असेल तर हे निर्णायक ठरते, कारण मानशीची दारे भरतीच्या रेट्याने बंद होतात आणि ओहोटीला उघडतात. नियम एका ओळीचा: प्रत्येक मोठ्या विश्रांतीनंतर भरती-ओहोटी उलटी. वेगळा तक्ता लागत नाही.

देवचार आणि राखणदार या गावाची राखण करणाऱ्या शक्तींबद्दल माझे मत ठाम आहे: त्यांना हिट पॉइंट देऊ नका. सीमेवरच्या राखणदाराला आजही लोक रोट (जाड भाकरी) ठेवतात, गाऱ्हाणे घालतात. टेबलावर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरचाही तो असू शकतो. त्याला कथेत आणायचे की नाही, हे सेशन झीरोलाच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीतच, सर्वांना विचारून ठरवा. आणायचा ठरला तर आकडा नको, शब्द हवा: सूर्यास्तापूर्वी रोट ठेवला तर त्या रात्री टोळीला एकदा फसलेला फासा पुन्हा टाकता येईल, बोललेले फेडले नाही तर त्या गावाच्या हद्दीत रात्रीच्या पहाऱ्याला डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणे).

इथे ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून जास्त आकडा धरणे) मुद्दाम टाळला आहे. पाचव्या आवृत्तीत तो कितीही ठिकाणांहून मिळाला तरी एकदाच धरतात, आणि एकच डिसॲडव्हांटेज सगळे पुसून टाकतो. शत्रूला दोन्ही बाजूंनी घेरले की ॲडव्हांटेज, हा पर्यायी नियम चालू असलेल्या टेबलावर तो इतका स्वस्त होतो की राखणदाराची कृपा कुणाच्या लक्षातही येणार नाही. दोन्ही ठेवायचे असतील तर घेरण्याचा फायदा फाशावर नुसता दोनने वाढवा.