एअर पिस्तूलचे पेलेट: प्रॅक्टिसला कुठले घ्यायचे आणि पैसे कुठे वाचवायचे

दुकानात आल्यावर आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सगळ्यात चांगले पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलात घालायच्या शिशाच्या छोट्या गोळ्या, कुठले हो?" आम्ही मॅचचा म्हणजे स्पर्धेच्या पेलेटचा डबा पुढे ठेवतो, किंमत ऐकून चेहरा उतरतो, आणि मग पोराच्या प्रॅक्टिसलाच कात्री लागते. रोज साठऐवजी वीसच शॉट मारायचे असं ठरतं. हे आम्हाला खरंच बघवत नाही, म्हणून हे पत्रक. वीस महागड्या शॉटपेक्षा साठ स्वस्त शॉट मारलेलं पोर लवकर सुधारतं, फक्त ते स्वस्त पेलेट नीट बघून घेतलेले पाहिजेत.

आधी थोडं गणित. 10 मीटर पिस्तूलच्या टारगेटवर टेनची म्हणजे दहा गुणांची रिंग 11.5 मिलीमीटर व्यासाची असते, पेलेट 4.5 चा, आणि पेलेटची कड रिंगला नुसती टेकली तरी टेन धरतात. म्हणजे भोकाचा मध्य टारगेटच्या मध्यापासून 8 मिलीमीटरपर्यंत सरकला तरी टेनच. रायफलवाल्यांचा टेन म्हणजे अर्ध्या मिलीमीटरचा ठिपका, त्यांचं दुखणं वेगळं, त्यामुळे रायफलवाल्या मित्राने सांगितलं म्हणून त्याचाच डबा उचलायची पिस्तूलवाल्याला गरज नाही. सुरुवातीच्या वर्षात शॉट सात-आठला जातो तो मनगटामुळे नाहीतर ट्रिगर झटकल्यामुळे, पेलेटमुळे क्वचितच.

घेताना डोकं सपाट आहे ना ते बघा, त्याला वॅडकटर म्हणतात. कागदात पंचिंग मशीनने पाडावं तसं गोल स्वच्छ भोक पडतं आणि स्कोअर वाचता येतो. टोकदार किंवा गोल डोक्याचे स्वस्त मिळतात पण त्यांनी कागद फाटतो, मग नऊ का दहा यावर वाद. स्टीलचे गोल छर्रे तर फुकट दिले तरी घेऊ नका, बॅरलच्या आतल्या खाचा खराब होतात आणि छर्रा उलटा उडून डोळ्यावर येऊ शकतो.

वजन डब्यावर लिहिलेलं असतं. पिस्तूलला बहुतेक जण 7 ग्रेन म्हणजे 0.45 ग्रॅमच्या आसपासचे हलके वापरतात, 8.2 ग्रेन म्हणजे 0.53 ग्रॅमचे जड जास्त करून रायफलला जातात. पण हा काही नियम नाही हं, एखाद्या पिस्तूलला जडच मानवतात. आरडब्ल्यूएस कंपनीचा हॉबी 7 ग्रेनचा, सपाट डोक्याचा, प्रॅक्टिसला आम्ही बिनधास्त देतो. स्पर्धेसाठी त्यांचाच आर10 किंवा एच अँड एन कंपनीचा फिनाले मॅच एखादा डबा घेऊन ठेवा, स्पर्धेच्या आधी दोन आठवडे काढा आणि साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, त्याच्यावर सेट करा, कारण पेलेट बदलला की शॉट पडायची जागा थोडी सरकतेच.

स्वस्त डब्यात फरक असतो तो एकसारखेपणाचा. थोडे पेलेट काचेवर घरंगळवून बघा, नीट असेल तो एकसारखा गोल फिरतो, मागची कड म्हणजे स्कर्ट दबलेला असेल तो अडखळतो. असले वेगळे काढा, ते पहिल्या सरावाच्या शॉटना चालतात. आणि डबा खुळखुळ्यासारखा हलवू नका, शिसं मऊ असतं, आपटून आपटूनच कडा दबतात.

कुठला ब्रँड तुमच्या पिस्तूलला बसतो हे आम्ही दुकानात बसून सांगू शकत नाही, ते कागदच सांगतो. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक प्रकारचे दहा-दहा शॉट मारा, तीन शॉटवर ठरवू नका, तीन कधीकधी नशिबानेही एकत्र पडतात. ज्याचा ग्रुप, म्हणजे दहा भोकांचा पसारा, लहान तो तुमचा. मग त्याच बॅचचे दोन-तीन डबे एकदम घ्या, बॅच नंबर बहुतेक डब्यावर असतो.

आता आपल्या कोकणाचं. गेल्या जुलैत एक मुलगा डबा घेऊन आला, म्हणाला अचानक शॉट पसरायला लागले. झाकण उघडलं तर पेलेटवर पांढरी पूड, डबा महिनाभर समुद्राकडच्या खिडकीत अर्धवट उघडा होता. खारी हवा आणि दमट दिवस, शिशाला एवढं पुरतं. डबा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका. पेलेट धुवायच्या भानगडीत पावसाळ्यात पडू नका, इथे पापड वाळत नाहीत तिथे पेलेट कुठले वाळायला. टारगेटचे कागदही बंद डब्यात ठेवा, सर्दावलेल्या कागदावर चांगला वॅडकटरसुद्धा फाटकं भोक पाडतो. पूड आलेले पेलेट वापरू नका आणि ती पूड फुंकू तर अजिबात नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. पेलेट शिशाचे आहेत, शिसं विषारी आहे. काही मुलं लोड करताना पुढचा पेलेट ओठात धरतात, ती सवय आजच मोडा. प्रॅक्टिस झाल्यावर साबणाने हात, मगच वडापाव.

दुकानात पन्नास-पन्नासच्या सुट्या पुड्या मिळतात, आधी त्या नेऊन बघा. टेस्टचा कागद घेऊन आलात तर ग्रुप आपण काउंटरवरच पट्टीने मोजू, आणि स्वस्तातलाच डबा बसत असेल तर तोच देऊ.