भुसावळची टोपोशीट काढायचीय? अर्ज कुठे, कागदपत्रं काय, नंबर कोणता

राम राम मंडळी. जिऑग्राफीची पोरं दर वर्षी हेच विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. टोपोशीट म्हणजे डोंगर, नद्या, रस्ते, उंची दाखवणारा सरकारी नकाशा; तो काढते सर्व्हे ऑफ इंडिया, देहरादूनची, त्यामुळे तलाठी ऑफिस नाहीतर नगरपालिकेत खेटे घालू नका भो, तिथं मिळणार नाही.

पात्रता म्हणाल तर भारतीय नागरिक असलं की झालं. २००५ च्या नकाशा धोरणात दोन सिरीज केल्या, डिफेन्स सिरीज आपल्यासाठी नाहीच, आपली ती ओपन सिरीज, तिची १:५०,००० ची पीडीएफ फुकट मिळते. सर्व्हेच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर मोबाईल-ईमेल टाकून खातं उघडायचं, ओटीपी येतो, आधार हाताशी ठेवा. छापील शीट पाहिजे असेल तर पुण्याच्या ऑफिसात चौकशी करा, पैसे पडतात.

गाडी अडते ती शीट नंबरवर. एक शीट म्हणजे अक्षांश-रेखांशाची १५ मिनिटं बाय १५ मिनिटं (पाव अंश) एवढाच तुकडा, आणि शहर काही त्या चौकटीत बघून वाढत नाही. भुसावळ, दीपनगर, वरणगाव, वर तापीवरचं हतनूर धरण हे सगळं जुन्या ४६ ओ/१६ मधे येतं, पोर्टलवर तीच एफ४३ओ१६. पण पश्चिमेला साकेगाव-वाघूरकडे सरकले की ४६ ओ/१२ लागते, दक्षिणेला २१ अंश अक्षांशाची रेषा ओलांडली की ४६ पी/१३, आणि मुक्ताईनगर तर थेट ५५ सी/४, म्हणजे उपनगरांसकट अभ्यास असेल तर एका शीटवर भागत नाही, शेजारच्या पण आधीच उतरवून घ्या.

ओपन सिरीजमधे संरक्षणाच्या दृष्टीने संवेदनशील ठिकाणं वगळायचं धोरण आहे, तेव्हा ऑर्डनन्स फॅक्टरीच्या जागी काही दिसलं नाही तर फाईल खराब आहे असं समजू नका.

आणि प्लॉट घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ह्यात गट नंबर नसतात, त्यासाठी भूमी अभिलेखचा गाव नकाशा. तापीकाठी निळी-लाल पूररेषा बघायची तर जलसंपदा खात्याकडे अर्ज, शीटवरच्या कंटूर (समान उंचीच्या रेषा) बघून स्वतःच अंदाज बांधत बसू नका.

झेरॉक्सवाल्याला सांगा ‘फिट टू पेज’ नको, आहे त्या साईझमधे काढ. ए४ वर दाबून काढली की २ सेंटिमीटरला १ किलोमीटर हा हिशोब गेला, मग पट्टीनं काय मोजणार?