टायमिंग बेल्टवरच्या खुणा पुन्हा का जुळत नाहीत?

जुन्या डिझेल व्हॅनचा टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह (हवा-धुराच्या झडपा) उघडणारा कॅमशाफ्ट यांना जोडणारा दातेरी पट्टा, बदलताना एक घोटाळा हमखास होतो. नवा बेल्ट बसवला, त्यावर छापलेल्या पांढऱ्या रेघा पुल्यांवरच्या खुणांसमोर बरोबर आल्या. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे क्रँक हाताने दोन फेरे फिरवला, तर रेघा भलतीकडेच! बेल्ट दात चुकला असे समजून अनेक जण तो उतरवतात आणि नीट बसलेले टायमिंग आपल्याच हाताने घालवतात.

बेल्ट चुकलेला नसतोच. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात. समजा क्रँकला २० दाते, कॅमला ४० आणि बेल्टला १३७ आहेत. क्रँकचे दोन फेरे झाले की दोन्ही पुल्या जागेवर येतात, पण बेल्ट फक्त ४० दाते पुढे सरकलेला असतो. पांढरी रेघ पुन्हा खुणेसमोर यायची तर सरकलेल्या दात्यांच्या संख्येला ४० ने आणि १३७ नेही भाग जायला हवा. १३७ ही मूळ संख्या, त्यामुळे अशी सर्वांत लहान संख्या ५४८०. म्हणजे क्रँकचे २७४ फेरे. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला हे वीसेक सेकंदांत घडते, पण पाना घेऊन हाताने तेवढे फेरे कोण मारणार? लसावि शिकवताना हे उदाहरण का देत नाहीत कोण जाणे.

या आकड्यांचा एक फायदाही आहे. बेल्टचा तोच दात दर वेळी पुलीच्या त्याच दात्याशी गाठ घालत नाही, त्यामुळे याच बेल्टवर फिरणाऱ्या डिझेल पंपाचे (इंधन फवारणाऱ्या पंपाचे) हिसके बेल्टभर वाटले जातात आणि झीज एका जागी साठत नाही.

तेव्हा टायमिंग बेल्टवर लिहिलेले नसते. क्रँकच्या आणि कॅमच्या पुलीमध्ये, ताणलेल्या बाजूला, किती दाते अडकले आहेत या मोजणीत ते असते. बेल्ट बदलण्याच्या कामातली प्रत्येक अट ही मोजणी सांभाळण्यासाठी आहे.

ती चुकली तर डिझेल इंजिन माफ का करत नाही, याचे उत्तर दाबाच्या गणितात आहे. डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेले इंधन आपोआप पेटावे. २७ अंशांची हवा विसाव्या हिश्शात दाबली तर आदर्श हिशेबाने तिचे तापमान ७०० अंशांच्या वर जाते. प्रत्यक्षात भिंती बरीच उष्णता खातात, तरी उरते ती पुरते. आता जागा मोजा. पिस्टनची धाव ९० मिलीमीटर आणि दाबाचे प्रमाण २०:१ असेल, तर पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा सिलिंडरच्या उंचीत मोजल्यास ९० भागिले १९, म्हणजे ४.७ मिलीमीटर. ९:१ च्या पेट्रोल इंजिनात ती ११ मिलीमीटरच्या वर असते. शिवाय या ४.७ मधला मोठा वाटा हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) छोट्या कक्षात किंवा पिस्टनच्या खळग्यात जातो. पिस्टनचा माथा आणि हेड यांच्यात राहते ते अंतर जेमतेम एक मिलीमीटर. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत मिळते आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते मोजून निवडावे लागते, ते याचसाठी.

आणि व्हॉल्व्ह उघडतो आठ ते दहा मिलीमीटर, तोही बहुतेक जुन्या डिझेलमध्ये सरळ पिस्टनच्या डोक्यावर. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. २० दात्यांच्या पुलीवर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. टॉप डेड सेंटरपासून (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेपासून) क्रँक १८ अंश सरकला, तरी ९० मिलीमीटर धाव आणि १४५ मिलीमीटर कनेक्टिंग रॉड धरल्यास पिस्टन तीन मिलीमीटरही खाली येत नाही. जळलेला धूर बाहेर टाकण्याच्या (एक्झॉस्ट) धावेच्या शेवटी, पिस्टन वर असताना, दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. नेमक्या त्याच वेळी कॅम एक दात मागे असला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हवा त्याहून जास्त खाली राहतो. काही इंजिने एवढ्यावर निभावतात, काहींत टकटक सुरू होते. दोन-तीन दाते चुकले की व्हॉल्व्ह वाकतात. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर हेड उतरवावे लागणार हे धरूनच चालावे.

याच बेल्टवर बहुतेक वेळा डिझेल पंपही असतो. जुना वितरक पद्धतीचा (सगळ्या सिलिंडरांना पाळीपाळीने इंधन वाटणारा) पंप कॅमच्याच वेगाने, म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तिथे एक दात चुकला की फवारणी क्रँकच्या १८ अंशांनी सरकते. खरे तर दोन-तीन अंशांचा फरकही कानाला कळतो. फवारणी लवकर झाली तर इंजिन कर्कश ठोके देते, उशिरा झाली तर पांढरा धूर आणि ओढ कमी.

१९६२ च्या सुमारास जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १००४ या मोटारीत कॅम फिरवायला रबरी दातेरी बेल्ट लावला, तेव्हा रबर टिकेल का ही शंका रास्त होती. पण भार रबर पेलतच नाही. आत काचेच्या तंतूंचे दोर असतात, रबर त्यांना धरून ठेवते आणि दात्यांवर नायलॉनचे कापड असते. काच ताणली जात नाही, म्हणून मोजणी टिकते. मात्र तिला तीव्र वाकणे सोसत नाही. नवा बेल्ट दुमडला, उलटा केला, पिळला किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटून पुलीवर चढवला, तर आतले तंतू मोडतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

म्हणूनच ‘बेल्टला तडा नाही, अजून वर्षभर चालेल’ हे म्हणणे बिनबुडाचे आहे. किलोमीटरला क्रँकचे २००० फेरे धरले तर एक लाख किलोमीटरमध्ये हा बेल्ट जवळजवळ तीन कोटी वेळा पुल्यांभोवती फिरून येतो. तंतूंचा थकवा डोळ्यांना दिसत नाही, कानालाही नाही. जुन्या डिझेलसाठी कंपन्यांनी दिलेली मुदत साधारण ६०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ठरावीक वर्षे, यांतले जे आधी येईल ते. उभ्या गाडीतही रबर म्हातारे होते. बेल्टवर मारायचे स्प्रे तर शुद्ध थोतांड. दातेरी बेल्ट घर्षणाने ओढत नाही, दात्यांनी ओढतो. ‘पकड वाढवणारा’ फवारा तिथे कशाची पकड वाढवणार? उलट त्यातल्या द्रावकाने रबर फुगू शकते.

आता कामाकडे. एकट्या बेल्टवर भागवू नका. टेन्शनर (बेल्ट ताणणारी चाकी), आयडलर (बेल्टला वळण देणारी चाकी), वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर तो गॅस्केटसह, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील, आणि कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट नवे घ्या. बेल्टच्या तीन कोटी फेऱ्यांत टेन्शनरचे बेअरिंग त्याहून कितीतरी जास्त वेळा फिरलेले असते. आणि सील गळून तेल बेल्टवर आले की रबर फुगते, दाते मुळापासून सुटतात.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकांना अडण लावा. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) काढले तर कॉम्प्रेशन जाते, क्रँक हलका फिरतो आणि कुठे काही अडले तर हाताला लगेच समजते. क्रँक पुलीचा मोठा बोल्ट असेल तर तो फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचे जड चाक) योग्य अवजाराने धरून आधीच ढिला करा. पुल्या जागेवर धरणाऱ्या टायमिंगच्या लॉक पिनवर हा जोर देऊ नये, त्या नुसत्या जागा दाखवायला असतात, वाकतात. पान्याला लांब नळी लावून स्टार्टर मारण्याची युक्तीही सोडून द्या, नळी सुटली की हातपाय मोडतात.

इंजिन त्याच्या चालत्या दिशेनेच फिरवून पहिला सिलिंडर टॉपवर आणा. क्रँक एका चक्रात दोनदा टॉपवर येतो, म्हणून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत ना ते पाहा. मग फ्लायव्हील, कॅम आणि पंप तिन्ही लॉक करा. बेल्ट सुटताच पंपाची पुली आतल्या स्प्रिंगच्या जोराने झटका देऊ शकते, म्हणून तिची पिन विसरू नये. जुना बेल्ट निघाल्यावर कॅम किंवा क्रँक एकेकटा फिरवायचा नाही.

नवा बेल्ट क्रँकपासून सुरू करून ताणलेल्या बाजूने चढवत न्यायचा. क्रँक बेल्टला स्वतःकडे ओढतो, त्यामुळे बेल्ट क्रँककडे येतो ती बाजू ताठ आणि दूर जातो ती सैल. टेन्शनर सैल बाजूला असतो. ताठ बाजूला जरा जरी ढिलाई राहिली, तर इंजिन सुरू होताच ती निघून जाते आणि कॅम तेवढाच मागे पडतो. ही चूक अर्ध्या दात्याचीही असू शकते, खुणांना ती कळत नाही. म्हणून बऱ्याच इंजिनांत कॅमची पुली अडकवणाऱ्या पाचरीशिवाय (की), नुसत्या निमुळत्या शाफ्टवर दाबून बसवलेली असते. मधला बोल्ट ढिला करून ती शाफ्टवर सैल करायची, कॅम लॉकच ठेवायचा, बेल्ट ताणून घ्यायचा आणि मग पुली घट्ट करायची. हेड कधी घासून घेतलेले असेल तर कॅम क्रँकच्या किंचित जवळ आलेला असतो, तिथे ही सोय फारच उपयोगी.

ताण थंड इंजिनावरच लावायचा. क्रँक आणि कॅम यांच्यात २३० मिलीमीटर लोखंडी ब्लॉक आणि १२० मिलीमीटर अ‍ॅल्युमिनियमचे हेड असेल, तर ७० अंश तापल्यावर हे अंतर सुमारे ०.३७ मिलीमीटरने वाढते. बेल्टच्या दोन बाजू धरता त्याला याच्या दुप्पट ओढ बसते आणि काचेचे दोर तेवढे लांबत नाहीत. गरम इंजिनावर ‘बरोबर’ लावलेला ताण थंडीत सैल पडतो, आणि बेल्टने दात ओलांडण्याची भीती थंडीतल्या पहिल्या स्टार्टलाच जास्त. टेन्शनरवर काटा असेल तर तो खाचेसमोर आणा. काटा नसेल तर ताण मोजायचे अवजार वापरा. चिमटीत धरून बेल्ट काटकोनात वळतो का, ही परीक्षा ढोबळ आहे.

पिना काढा, क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा, पिना पुन्हा घाला. त्या अलगद गेल्या तर मोजणी बरोबर. मध्येच काही कडक लागले तर जोर करू नका, तो बहुधा व्हॉल्व्ह असतो. काट्याची जागा पुन्हा पाहा, कारण दोन फेऱ्यांत बेल्ट दात्यांमध्ये नीट बसतो आणि ताण बदलू शकतो. पंपाचे टायमिंग डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) तपासणार असाल तर थंड स्टार्टची केबल, म्हणजे थंड इंजिनासाठी फवारणी लवकर करणारी तार, आधी सैल सोडा. ती ओढलेली राहिली की फवारणी पुढे सरकलेली असते आणि माप खोटे येते. शेवटी बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कने आणि अंशांनी आवळा, हाताच्या अंदाजाने नको.

सुरू केल्यावर शिट्टीसारखा आवाज वेगासोबत चढत गेला तर बेल्ट जास्त ताठ आहे, पुढे वॉटर पंपाचे बेअरिंग जाईल. बेल्ट कव्हरला फटफट लागत असेल तर सैल आहे. दोन्ही वेळा इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात घाला. चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी ठेवून मागे घसरू देणेही टाळा. क्रँक उलटा फिरला की ताठ आणि सैल बाजूंची अदलाबदल होते, सगळा जोर टेन्शनरवर येतो आणि बेल्ट दात सोडू शकतो. काही पाच सिलिंडर डिझेलमध्ये, फोक्सवॅगनच्या टी-४ व्हॅनमध्येही, पंपाला इंजिनाच्या मागच्या टोकाला वेगळा बेल्ट असतो. पुढचा बदलताना तो बहुतेक जण विसरतात. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकत नाहीत, गाडी नुसती बंद पडते.