दोर, विंच आणि वारा: पॅरासेलिंग सुरक्षित कसे होत गेले

शनिवारी पहाटे बेळगावहून निघालेली गाडी चोर्ला घाट उतरून कळंगुटला किंवा आंबोली घाट उतरून मालवणला पोहोचते, तेव्हा आतल्या मंडळींचे पॅरासेलिंग, म्हणजे बोटीने दोराला ओढलेल्या छत्रीखाली लटकून हवेत तरंगणे, आधीच ठरलेले असते. किनाऱ्यावर गेल्यावर प्रश्न विचारले जातात ते दोनच: माणशी किती आणि वर किती मिनिटे ठेवणार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या कामात आयुष्य गेल्यामुळे माझी नजर मात्र त्या रंगीत छत्रीकडे न जाता बोटीच्या मागच्या भागात बसवलेल्या, दोर सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या विंचकडे जाते, आणि तिथून दोराच्या शेवटच्या हातभर भागाकडे. मालवणजवळच्या देवबागच्या एका बोटीवर मी तो भाग हातात घेऊन पाहिला होता. विंचवर गुंडाळलेला दोर गुळगुळीत आणि रंगाने ताजा होता, पण टोकाकडे त्यावर कापसासारखी लव आली होती, रंग उडून गेला होता आणि बोटाने चोळल्यावर मिठाची खरखर लागत होती. एवढा तुकडा आम्ही ठरावीक दिवसांनी कापून टाकतो, असे बोटवाल्याने सांगितले. पॅरासेलिंगच्या इतिहासाची गोम मला तरी त्याच तुकड्यात दिसते, कारण छत्री फार लवकर चांगली झाली, दोर आणि वारा यांचा हिशेब मात्र लोकांना बऱ्याच उशिरा करावासा वाटला.

छत्रीची कथा फ्रान्समध्ये सुरू होते. पिएर-मार्सेल ल्मोआन्य या फ्रेंच अभियंत्याने १९६१ च्या सुमारास गोल पॅराशूटच्या कापडात मागच्या बाजूने विशिष्ट ठिकाणी फटी ठेवल्या. साधे गोल पॅराशूट हवेला फक्त अडवते. या फटींतून मागे सुटणाऱ्या हवेमुळे ते पुढे सरकू लागले आणि समोरून ओढले तर खाली येण्याऐवजी वर चढू लागले. हा शोध सहलीसाठी नव्हता. विमानाचा खर्च न करता शिकाऊ छत्रीधारकांना जमिनीवरून ओढून वर न्यावे आणि तिथून उतरण्याचा सराव द्यावा, हा त्यामागचा हेतू होता. १९६३ मध्ये अमेरिकेतील पायोनियर पॅराशूट कंपनीच्या जाक-आंद्रे इस्तेल यांनी त्याचा परवाना घेतला, कापडाच्या २४ त्रिकोणी पाकळ्यांची ही छत्री तिथे बनू लागली आणि ‘पॅरासेल’ हे नाव रूढ झाले. त्याच दशकात नासाने जेमिनी यानाची कुपी समुद्राऐवजी जमिनीवर उतरवण्यासाठी पॅरासेलच्या चाचण्या घेतल्या होत्या. ती योजना प्रत्यक्ष उड्डाणात वापरली गेली नाही.

सुरुवातीची पद्धत आमच्या पिढीने एनसीसीच्या शिबिरात पाहिली आहे. मोकळ्या मैदानात जीप उभी, तिला दोर बांधलेला, दुसऱ्या टोकाला हार्नेस, म्हणजे अंगाला आवळायचे पट्टे, घातलेला कॅडेट आणि त्याच्या मागे छत्रीचा घेर धरून उभी असलेली दोन-चार मुले. जीप सुटली की कॅडेटने दहा-बारा पावले धावायचे आणि पाय अधांतरी झाले की वर बघायचे, असा शिरस्ता. समुद्रकिनाऱ्यावर जीपच्या जागी बोट आली, पण धावणे वाळूतच राहिले आणि उतरणेही वाळूतच. या पद्धतीचा मोठा दोष असा की माणूस जमिनीच्या सर्वांत जवळ असतो तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. चढताना अचानक वारा पडला तर तो वाळूवर आपटतो. उतरताना वारा फिरला तर गर्दी, माडांच्या रांगा, विजेच्या तारा आणि हॉटेलांच्या भिंती हे सगळे त्याच्या वाटेत येते.

हा दोष काढला तो विंचबोटीने. १९७० च्या दशकात अमेरिकेत ही कल्पना आकाराला आली आणि पॅरासेलिंगच्या व्यवसायाचे स्वरूपच तिने पालटले. बोटीच्या मागच्या बाजूला सपाट फळी, तिथेच प्रवासी बसतो, बोटीच्या वेगाने छत्री फुगते आणि विंचवरून दोर सोडत प्रवाशाला वर जाऊ दिले जाते. परत आणताना दोर गुंडाळून त्याच फळीवर बसवले जाते. किनारा या साऱ्या व्यवहारातून बाहेर पडला. पतंगाच्या भाषेत सांगायचे तर आधी पतंग उडवणारा स्वतः पळत होता, आता त्याच्या हातात चक्री आली.

ही चक्री हायड्रॉलिक असते, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या विषयात बेळगावच्या माणसाला काही सांगण्यासारखे आहे ते इथेच. बोटीच्या इंजिनावर बसवलेला पंप तेलाला दाब देतो, ते तेल विंचच्या मोटरला फिरवते आणि मोटर ड्रमला. गुंडाळताना हे सरळ आहे. सोडताना प्रकरण अवघड होते, कारण तिथे विंच दोराला ओढत नसून दोर विंचला ओढत असतो, आणि तेलाला मोकळी वाट मिळाली तर ड्रम भन्नाट सुटेल. म्हणून परतीच्या वाटेवर भार तोलून धरणारा काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह बसवतात. चालक मुद्दाम दाब देईपर्यंत तो तेल अडवून धरतो, त्यामुळे दोर हिसका न बसता, चालकाच्या मनाप्रमाणे सुटतो. उद्यमबागेतल्या ज्या टेस्ट बेंचवर आम्ही प्रेस आणि क्रेनसाठीचे असे व्हॉल्व्ह तपासतो, त्यावर तेलाची गळती थेंबाथेंबाने मोजली जाते. ड्रमवर स्वतंत्र यांत्रिक ब्रेकही हवा, कारण कोणताही व्हॉल्व्ह थोडा तरी झिरपतोच.

या रचनेची एक बाजू मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिन बंद पडले की पंप बंद, आणि पंप बंद की दोर गुंडाळणेही बंद. वारा पडलेला असेल तर छत्री हळूहळू खाली येऊन प्रवासी पाण्यात उतरतो. वारा जोरात असेल तर उलट घडते: छत्री खाली येतच नाही, उभ्या राहिलेल्या बोटीलाच ती वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे बहुधा किनाऱ्याकडे ओढू लागते. विंचची ताकद छत्रीच्या ओढीपेक्षा कमी पडली तरी हाच प्रसंग येतो. अशा वेळी जाणता चालक बोटीचे तोंड फिरवून वाऱ्याबरोबर जातो, म्हणजे छत्रीला लागणारा सापेक्ष वारा कमी होतो आणि तेवढ्या अवधीत दोर आत घेता येतो. इंजिनच बंद असेल तर हा उपायही उरत नाही.

छत्रीवरची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे वाक्य शाळेतल्या सूत्रासारखे कोरडे वाटते, म्हणून आकडे घालून पाहू. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो, फुगलेल्या छत्रीचे वाऱ्यासमोर येणारे क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आणि आकारावर अवलंबून असणारा गुणांक सोयीसाठी १ धरला, तर ताशी २५ किलोमीटरच्या सापेक्ष वाऱ्यात ओढ सुमारे १७५ किलो वजनाइतकी भरते. वारा ५० झाला की ती ३५० न होता ७०० होते, आणि ७५ किलोमीटरचा झोत आला तर जवळजवळ १,६०० किलो. सापेक्ष वाऱ्यात बोटीचा वेगही मिळवायचा असतो: समोरून ताशी ३० किलोमीटर वारा आणि त्याच्यात शिरणारी २० ची बोट म्हणजे छत्रीच्या लेखी ५० चे वादळ. म्हणूनच ‘आज वारा जरा जास्त आहे’ या वाक्यातला ‘जरा’ पॅरासेलिंगमध्ये फार महाग पडतो.

आता हे वजन पेलतो तो दोर. नव्या दोरावर लिहिलेली तुटण्याची मर्यादा ही प्रयोगशाळेतल्या कोऱ्या, कोरड्या, गाठ नसलेल्या दोराची असते. बोटीवरच्या दोराला मीठ, ऊन, वाळू आणि ड्रमवरची रोजची घासणी यांतून जावे लागते; उन्हातले अतिनील किरण नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या तंतूंचे रेणू तोडतात, तर वाळूचे कण पेडांच्या आत शिरून प्रत्येक ताणाबरोबर आतूनच कापत राहतात. त्यात पुन्हा गाठ. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या ट्रॉलीवर दोर आवळणाऱ्या कुणालाही विचारले तर तो सांगेल की दोर तुटतो तो गाठीपाशी. गाठीत दोर तीव्र वळण घेतो, वळणाच्या बाहेरच्या तंतूंवर सगळा ताण येतो आणि आतले तंतू नुसते चिरडले जातात. खलाशांची आवडती बोलाइन ही न सरकणारी फासगाठ दोराच्या बळाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक खाऊन टाकते. त्याऐवजी टोकाचे पेड उसवून दोरातच परत विणून घेतले, तर बहुतेक बळ शाबूत राहते. हे विणकाम वेळखाऊ आहे, गाठ मात्र अर्ध्या मिनिटात बसते, आणि रांगेत माणसे खोळंबलेली असतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये पॅरासेलिंगवर विशेष अहवाल काढला, तेव्हा त्यात याच गोष्टी बाहेर आल्या: जोरदार वाऱ्यात केलेली उड्डाणे, झिजलेली उपकरणे आणि गाठीमुळे दुबळे झालेले दोर. त्या देशात दर वर्षी ३० ते ५० लाख लोक पॅरासेलिंग करतात, असा त्या अहवालातला अंदाज होता, आणि तरीही तोवर चालकांसाठी या कामाचा वेगळा परवाना नव्हता. हवाई वाहतुकीच्या नियमांत पॅरासेलला चक्क पतंगांच्या वर्गात बसवलेले होते. दर जानेवारीत बेळगावच्या मैदानावर पतंग महोत्सव पाहणाऱ्यांना त्यात वावगे वाटणार नाही, पण आपल्या पतंगाखाली माणूस लटकत नाही.

नियम घडले ते अपघातांनंतरच. फ्लोरिडातील पॉम्पॅनो बीच येथे २००७ मध्ये वाऱ्यात दोर तुटून एका किशोरवयीन मुलीचा जीव गेला आणि २०१२ मध्ये त्याच गावी हार्नेस तुटून एक महिला समुद्रात कोसळून मरण पावली. २०१३ मध्ये पनामा सिटी बीच येथे दोर तुटलेल्या छत्रीने दोन मुलींना इमारतीवर नेऊन आदळले. त्या वाचल्या, पण गंभीर जखमी झाल्या. २०१४ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला आणि पहिल्या दोन घटनांतील मृतांची आडनावे त्याला दिली. या कायद्याचे वैशिष्ट्य त्यातल्या आकड्यांत आहे: सलग वारा ताशी २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या वर असेल, झोत २५ मैलांच्या वर जात असतील किंवा सलग वाऱ्यापेक्षा १५ मैलांनी जास्त असतील, पावसाने वा धुक्याने अर्ध्या मैलापलीकडचे दिसत नसेल, किंवा ७ मैलांच्या आत विजांचे वादळ असेल, तर उड्डाण करायचे नाही. चालकाने हवामानाची नोंदवही ठेवायची, हेही त्यात आले. एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेनेही याच काळात हवामान कसे पाहावे यासाठी एफ २९९३ आणि पॅरासेलिंगच्या एकूण कार्यपद्धतीसाठी एफ ३०९९ ही मानके काढली. सलग वारा आणि झोत यांना वेगवेगळी मर्यादा घालणे मला यातले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते, कारण ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे दोर तोडतो तो झोत, आणि सरासरीत तो दिसतच नाही.

आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या २०१८ च्या साहसी पर्यटन मार्गदर्शक तत्त्वांत पॅरासेलिंगचा समावेश हवाई क्रीडांमध्ये झाला, आणि गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था बोटचालक व जीवरक्षक यांना प्रशिक्षण देते. तरीही २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर एका दांपत्याचा दोर तुटला आणि त्याच महिन्यात अलिबागजवळच्या वरसोली किनाऱ्यावर दोन महिलांचा. दोन्ही वेळी माणसे समुद्रात उतरली आणि अंगावर लाइफ जॅकेट असल्यामुळे वाचली. दोर तुटल्यावर छत्री मिटत नाही, ती साध्या पॅराशूटसारखी तरंगत खाली येते. कुठे येते हे मात्र सर्वस्वी वाऱ्याच्या हाती असते. दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचा वारा किनाऱ्याकडे धावतो. म्हणजे वारा जोरात असण्याची वेळ आणि तो माड-तारांकडे नेण्याची वेळ कोकणात एकच असते, आणि बेळगावहून निघून, न्याहारी आटोपून आलेला पर्यटक किनाऱ्यावर पोहोचण्याची वेळही नेमकी तीच.

देवबागच्या त्या बोटवाल्याकडे आम्ही दुपारी अडीचच्या सुमाराला गेलो होतो. त्याने खिशातून काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, चिमुकला पंखा असलेले वारामापक यंत्र काढले आणि हात उंच करून ते मिनिटभर धरले. आकडा ताशी २४ किलोमीटरवरून ३८ पर्यंत उड्या मारत होता. बरोबरच्या पोरांनी गयावया केली, दुप्पट पैसेही देऊ केले. त्याने यंत्र खिशात टाकले, विंचवर ताडपत्री ओढली आणि म्हणाला, “आता जमाचा नाय, सकाळी येवा.”