नाचणाऱ्या आकृत्या आणि सॉफ्ट पेस्टल : डबा उघडण्याआधी वाचा

आधी एक खुलासा. शाळेत आपण ज्यांना पेस्टल म्हणायचो ते तेलकट खडू, म्हणजे ऑइल पेस्टल. हा डबा त्यांचा नाही. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगाची पूड, खडूची भुकटी आणि कांडी जेमतेम धरून राहील एवढाच डिंक. म्हणून ती बोटांना लागते आणि हातातून पडली की तुटते. तुकडे टाकू नका, नाचाच्या चित्राला तेच जास्त कामाचे.

कांडीवरचा कागद काढा, दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा आडवा धरा आणि कडेनं ओढा. धनगरांच्या गजीनृत्यात ढोलाच्या ठेक्यावर गिरकी घेणाऱ्या गड्याच्या अंगरख्याचा घेर असा एका ओढीत उतरतो. सुरुवातीला दाब द्या, शेवटी हात उचलता ठेवा. टोकानं बाह्यरेषा काढून मग आत रंग भरलात, तर हात कितीही वर केलेले असोत, माणूस जागचा हलत नाही.

चेहऱ्याच्या नादी आधी लागू नका. डोक्यापासून, पाठीच्या कण्यातून, ज्या पायावर भार आहे त्याच्या टाचेपर्यंत एकच वळणदार रेघ काढा. लावणीत कंबर एकीकडे कलते, खांदे दुसरीकडे; त्या दोन तिरक्या रेघा लगेच मांडून घ्या. सरावाला मोबाईलवर व्हिडिओ लावा, पण तो मधे थांबवू नका. एका आकृतीला एक मिनिट पुष्कळ झालं.

अंगरखा पांढरा म्हणून पांढरी कांडी उचलायची घाई नको. राखाडी कागदावर सावलीला निळसर-जांभळा आणि उजेडाच्या बाजूला फिकट पिवळा घ्या. पांढरा सर्वांत शेवटी, एखाद-दुसऱ्या ठिकाणी. बोटानं घोटत बसलात की रंग मळतो. फ्रेंच चित्रकार एदगार देगा (1834–1917) यांच्या बॅले नर्तकींमध्ये ओढीवर ओढ चढवलेली असते, खालचा रंग वरच्यातून डोकावतो. तसंच करा.

उधळलेला भंडारा दाखवायचाय? चित्र टेबलावर सपाट ठेवा, पिवळी कांडी वरून ब्लेडनं खरवडा, पूड हवी तिथं पडू द्या, मग बटर पेपर ठेवून तळव्यानं दाबा. हळदीच्या सांगलीत पिवळा नेमका कोणता, हे आम्ही सांगायला नको!

कागद खरखरीतच हवा. गुळगुळीत कार्डशीटवर दुसरा थर बसतच नाही. सरावाला हार्डवेअरच्या दुकानातला 400 नंबरचा पॉलिश पेपर चालतो, ठेवायच्या चित्राला मात्र नको. बजेट कमी असेल तर बारा कांड्यांचा डबा घ्या आणि उरलेले पैसे कागदात घाला, असंच आम्ही सांगतो, मोठा डबा खपला नाही तरी.

पूड फुंकू नका, ती नाकातोंडात जाते. बोर्ड तिरका करून रद्दीवर झटका आणि टेबल ओल्या फडक्यानं पुसा. फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड कागदाला धरून ठेवणारा फवारा, गच्चीत, साधारण 30 सेंटीमीटरवरून, हलकं मारा. त्यानं फिके रंग काळवंडतात, म्हणून शेवटचा पांढरा फवारणीनंतर द्यायचा.

फ्रेमला काच आणि माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) दोन्ही लागतात, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. काचेऐवजी ॲक्रिलिक नको, घासलं की ते पूड ओढून घेतं. आमच्याकडे चित्र आणताना गुंडाळी करू नका. वर बटर पेपर ठेवून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट आणा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगायचं असेल तर आधी सांगा, फ्रेमच्या मागं बुचाचे तुकडे लावून देऊ.